नोंद आढळली नाही

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. म्हणजे आईचे गुडघे आणि आमचा घरमालक सोडून. फोनच केला असता, पण आमच्या या दीड खोलीत मी ‘हॅलो’ म्हटलं की आई टीव्हीचा आवाज कमी करते. शिवाय तू दिवसभर कामाचे फोन करतोस आणि संध्याकाळी फोन वाजला की तोंड फिरवतोस, असं वहिनी म्हणाली. तेव्हा लिहिते.

घरमालकाला मेअखेर खोल्या रिकाम्या हव्यात. त्याचा मुलगा परत येतोय. बारा वर्षं राहिलो, पण भाड्याचं घर ते भाड्याचंच. तसंही तिसरा मजला आईला आता झेपत नाही. गेल्या चार महिन्यांत ती दोनदाच खाली उतरली, दोन्ही वेळा डॉक्टरकडे. म्हणून मी हिय्या केला आणि दोन खोल्यांचं एक घर बघितलं. तळमजला आहे. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मला जरा वाईट वाटलं, तर आई म्हणाली, “भिंत तर भिंत. तिच्यापर्यंत चालत तर जाता येईल.”

विसार दिलाय. आता बँकेचा अर्ज समोर आहे. त्यात एक रकाना आहे : नोकरीचा प्रकार, कायम की कंत्राटी. तिथे माझं पेन अडलंय. नऊ वर्षं मी त्याच इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढते. पण पगार एजन्सी देते, आणि दर अकरा महिन्यांनी दोन दिवसांचा ब्रेक देऊन नवा कागद हातात ठेवते. बरोबरची नर्स म्हणाली, “कायमवर खूण कर गं, कोण बघतंय?”

बघणारा माणूस तर आमच्याच घरातला आहे, म्हणून तुला विचारते. बँकवाले नोकरी तपासतात म्हणजे नेमकं करतात काय?

तुझी,
बारकी

९ फेब्रुवारी

चि. बारके,

कंत्राटीवर खूण कर. दुसरीकडे पेन नेऊसुद्धा नकोस. कंत्राटी माणसाला कर्ज मिळायला त्रास होतो, पण खोटं बोललेल्या माणसाला मिळतच नाही, आणि पुढेही कुणी दारात उभं करत नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. बँक स्वतः फारसं बघत नाही. ती फाइल आमच्यासारख्या तपासणी करणाऱ्या एजन्सीकडे पाठवते. तू जोडलेल्या पत्रावर जो फोन नंबर असेल त्यावर आम्ही फोन करत नाही, कारण तो तुझ्या मैत्रिणीचाही असू शकतो. आम्ही नंबर आमचा आम्ही शोधतो, किंवा सरळ त्या पत्त्यावर जातो. प्रश्न चारच. ही व्यक्ती इथे काम करते का, कधीपासून, कायम आहे का, आणि पुढेही राहील का. कंत्राटी असेल तर मागची दोन वर्षं खंड न पडता काम केलंय का हे खोदून बघतो. तुझे ते दोन-दोन दिवसांचे ब्रेक आमच्या फॉर्मवर भोकांसारखे दिसतात.

तेव्हा आजवरची सगळी कंत्राटं, पासबुकाच्या प्रती, कर भरल्याचे कागद असं सगळं जोड. तुला पगार देणाऱ्या एजन्सीकडून पत्र घे. आणि मुख्य म्हणजे इस्पितळाच्या कार्यालयात जाऊन तिथल्या माणसाला आधी भेटून ठेव. कागद कितीही देखणा असो, टेबलामागचा माणूस काय म्हणतो त्यावर सगळं ठरतं. एकोणीस वर्षांत हे एवढंच शिकलो.

तुमच्या शहराचं काम आमचा दुसरा माणूस बघतो. नातेवाइकाची फाइल आली तर आम्हाला ती न उघडता परत करावी लागते, त्यामुळे माझ्याकडून मदत एवढीच. गंमत बघ, मी स्वतःही कंत्राटीच आहे. ३१ मार्चला माझाही कागद संपतो. मला कुणी तपासायला आलं तर मीच नापास.

मावशीला नमस्कार. गुडघ्यांना शेक दे म्हणावं.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

सांगितलंस ते सगळं केलं. दोन रजा गेल्या.

आधी इस्पितळाच्या कार्यालयात. तिथल्या बाई रोज मला बघतात. गेल्या वर्षी पडल्या होत्या तेव्हा त्यांच्या मनगटाचा एक्स-रे मीच काढला होता. म्हटलं, “मॅडम, बँकेतून कुणी विचारायला आलं तर मी इथे काम करते एवढं सांगाल ना?” त्या म्हणाल्या, “अगं, तू काम करतेस हे मला माहीत आहे. पण माझ्या यादीला माहीत नाही. तू एजन्सीची.” मी म्हटलं, “मग मी नऊ वर्षं कुठे येते?” त्या हसल्या. वाईट बाई नाहीत. पण हसल्या.

मग एजन्सीत. तिथला कारकून म्हणाला, “पत्र देतो. पण ‘पुढेही काम चालू राहील’ असं नाही लिहिणार. उद्या इस्पितळाने आमचंच कंत्राट रद्द केलं तर?” त्याचंही खरं. शेवटी ‘सध्या कार्यरत’ असं लिहून शिक्का मारला. ‘सध्या’ या शब्दाखाली त्याने रेघ मारायची तेवढी बाकी ठेवली.

कागदांचा गठ्ठा बँकेत देऊन आले. आठवड्याभरात माणूस येऊन जाईल म्हणाले. आईला मी फक्त एवढंच सांगितलंय की अर्ज दिलाय. ती नव्या घरात पलंग कुठल्या भिंतीला लावायचा ते बोटाने हवेत काढून दाखवते.

फार दमलेय दादा. उभं राहून नाही, हात जोडून.

तुझी,
बारकी

२ मार्च

चि. बारके,

पत्र पोचलं. महिनाअखेरच्या फायली होत्या, म्हणून उशीर झाला.

बँकेकडून काही कळलं का? कळलं तर सांग. आणि हे बघ, एखादा अर्ज परत आला म्हणून जग बुडत नाही. दुसरी बँक असते, दुसरं घर असतं. मावशीला फार आशा लावून ठेवू नकोस.

वहिनी बरी आहे. माझंही बरं चाललंय.

दादा

८ मार्च

प्रिय दादा,

तुझी जीभ काळी आहे. अर्ज परत आला.

बँकेतल्या अधिकाऱ्याने कागदच माझ्यासमोर फिरवून धरला. ‘नोकरीची पडताळणी : नकारात्मक. दिलेल्या पत्त्यावर अर्जदाराची नोंद आढळली नाही.’ तारीख २६ फेब्रुवारी, वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. सही नाही, नुसता एक क्रमांक.

मी घरी येऊन डायरी काढली. सव्वीस तारखेला अकरा वीसला मी खाली एका आजोबांच्या खुब्याचा एक्स-रे काढत होते. त्यांना कुशीवर वळवायला मी आणि वॉर्डबॉय, दोघं लागलो. आणि त्याच वेळी वरती कुणी शहाणा लिहीत होता की मी नाही! दादा, तळघरात यायला सतरा पायऱ्या आहेत. तेवढ्याही त्या माणसाला उतरता आल्या नाहीत? तुमच्या धंद्यात पायऱ्यांचे पैसे वेगळे मिळतात का?

अधिकारी म्हणाला, “तक्रार द्या, बघू.” दिली. बँक बदलून उपयोग नाही, दुसरी बँकही त्याच कार्यालयात त्याच बाईंना विचारणार. विसाराची मुदत वाढवायला घरवाल्याचे पाय धरले. ३१ मेपर्यंत थांबतो म्हणालाय.

तुझ्या ओळखी आहेत. तो माणूस कोण होता एवढं शोधून दे. मला भांडायचं नाही. त्याला फक्त एकदा खाली घेऊन जायचंय आणि माझ्या मशीनसमोर उभं करायचंय.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. काल ती पडद्यांबद्दल बोलत होती.

बारकी

१५ मार्च

चि. बारके,

तो माणूस मी होतो.

चार वेळा पत्र सुरू केलं आणि फाडलं. आता एका दमात लिहितो.

तुमच्या शहराचा माणूस रजेवर होता म्हणून त्याच्या सहा फायली माझ्याकडे आल्या. दुसरीच तुझी. आडनाव वेगळं, त्यामुळे कार्यालयात कुणाला नातं कळायचं कारण नव्हतं. ती परत करायची हा नियम मीच तुला लिहिला होता. पण मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडे गेली तर तो दोन मिनिटांत फेटाळून टाकेल. मी गेलो तर नीट करीन. बारके, खरंच त्याच विचाराने आलो होतो.

कार्यालयात बाईंना विचारलं. त्यांनी यादी बघितली आणि म्हणाल्या, “आमच्याकडे नाही. एजन्सीची असेल.” मी म्हटलं, “एक्स-रे विभागात जाऊन विचारलं तर?” त्या म्हणाल्या, “विचारा की. पण सही मी नाही देणार.”

मी पायऱ्या उतरलो. सतराच्या सतरा. दारावरचा लाल दिवा चालू होता म्हणून बाहेर थांबलो. आतून तुझा आवाज आला. “आजोबा, श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. झालं, सोडा.”

तिथे उभा असताना डोक्यात एकच आलं. आता मी ‘काम करते’ असं लिहिलं, खाली कार्यालयाची सही नसली, आणि उद्या कुणी उकरून काढलं की ती याची मावसबहीण आहे, तर? पंधरा दिवसांपूर्वीच साहेब म्हणाले होते की या मार्चला सगळ्यांचे कागद नवे होणार नाहीत. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मला दुसरीकडे कोण उभं करणार? फॉर्मवर दोनच चौकोन असतात, नोंद आहे किंवा नोंद नाही. टेबलावरच्या बाईंनी सांगितलं ते लिहिलं तर मला कुणी बोट लावू शकत नव्हतं. मी परत फिरलो आणि वरच्या बाकावर बसून तेच लिहिलं. एकही शब्द खोटा नव्हता. आणि तुझा आवाज अजून कानात होता.

दोन तारखेचं ते पत्र मी हे सगळं पोटात ठेवून लिहिलं होतं. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.

परवा साहेबांना लेखी दिलं की अर्जदार माझी मावसबहीण आहे, फाइल मी घ्यायला नको होती, ती दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्यावी. त्यांनी कागद ठेवून घेतला. तुझ्या तक्रारीला त्याचा आधार मिळेल.

आता तू एक कर. एजन्सीचं काही दाखवू नकोस. इस्पितळाच्या स्वतःच्या कागदावर, महिन्यामागून महिने, तुझं नाव कुठे आहे ते शोध. कुठेतरी असेलच. इतकी वर्षं माणूस एका जागी राबतो आणि कुठेच उमटत नाही असं होत नाही.

माफी मागत नाही. मागण्यासारखं तोंड नाही.

दादा

४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेलं आणि तीन दिवस पिशवीतून काढलं नाही. मी इतके दिवस गप्प का, हे तुला सांगायला नको.

नाव सापडलं.

आम्हाला छातीवर एक बॅज लावावा लागतो. किरणं अंगावर किती पडली ते त्यात मोजलं जातं. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो आणि अहवाल इस्पितळाच्या नावाने येतो. त्यावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं, माझंही. एजन्सीचा त्यात कुठे उल्लेख नाही. आमच्या विभागप्रमुख डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “कपाटात असतील सगळे. कुणी कधी बघत नाही.” खालच्या खणात नऊ वर्षांचे सगळे निघाले. छत्तीस कागद. एकही तिमाही चुकलेली नाही. मी फरशीवर बसून ते लावले आणि मग बराच वेळ उठलेच नाही. हजेरीच्या यादीत मी नव्हते, पण अंगावर पडलेल्या किरणांच्या यादीत होते.

डॉक्टरबाईंनी प्रत्येक प्रतीवर सही केली. शिवाय आपल्या हाताने लिहून दिलं की ब्रेकच्या दिवसांतही गरज पडली की मला बोलावून घेतलं होतं. वर म्हणाल्या, “हे मी नऊ वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.”

दुसऱ्या तपासणीला एक वयस्क बाई आल्या. धापा टाकत खाली आल्या. मी त्यांना पाणी दिलं, स्टुलावर बसवलं. त्यांनी छत्तीसही कागद उलटून बघितले, मग विचारलं, “पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट संपतंय ना?” मी म्हटलं, “हो. दर अकरा महिन्यांनी संपतं.” त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला काल कळलं. सकारात्मक.

आई रोज विचारते, दादाचं पत्र नाही का. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

बारकी

१२ एप्रिल

चि. बारके,

तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी जिद्दीची आहे.

एक धोका सांगायचा राहिला होता. मंजुरी आली म्हणजे सुटलो असं समजू नकोस. चेक निघायच्या आधी, अगदी दोन-चार दिवस आधी, बँक पुन्हा एक फोन करते. नोकरी अजून आहे ना, एवढंच विचारायला. तो फोन तुझ्या ब्रेकच्या दोन दिवसांत आला तर एजन्सीचा कारकून खरं तेच सांगेल, की आज ती आमच्याकडे नाही. आणि मग सगळं पाण्यात. अशी चार घरं मी माझ्या डोळ्यांनी गेलेली पाहिली आहेत. तारीख बघून ठेव.

इकडे ठीक. सध्या जरा वेळ मिळतो. खिडकीचे गज रंगवले, वहिनीने शिवलेल्या कपड्यांना बटणं लावून देतो. बटणं सोपी असतात.

दादा

१६ मे

दादा,

तुझं सांगणं कामाला आलं. माझा कागद ३० एप्रिलला संपत होता, आणि बँकेचा फोन २ मेला ठरला होता, बरोब्बर ब्रेकमध्ये. मी अधिकाऱ्याकडे गेले आणि म्हटलं, फोन आधी करा. तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, “लोक आम्हाला थांबा म्हणतात. लवकर तपासा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” अठ्ठावीस तारखेला फोन झाला. कारकून ‘सध्या आहे’ म्हणाला. मागितलं होतं त्यापेक्षा कर्ज कमी मिळालं. उरलेल्यासाठी आईने आपली ठेव मोडली, आणि त्यावर मला एक शब्द बोलू दिला नाही. परवा किल्ली हातात आली. काल तिला नेलं. दारापासून खिडकीपर्यंत ती एकटी चालली, मग त्या समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. तिला काय वाटलं विचारलं नाही. मी नुसती खाली बसले. आनंद व्हायला हवा होता, पण आधी झोपच आली.

हे सगळं मी तुला कदाचित लिहिलंही नसतं. राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण आज दुपारी मला एक फोन आला.

एका गोदामातून एक बाई बोलत होती. आलेला माल कागदाशी ताडून बघण्याचं काम आहे, त्यासाठी तू अर्ज केलायस आणि ओळखीच्या व्यक्तीत माझं नाव दिलंयस, असं तिने सांगितलं. तिने विचारलं, “ते आधीच्या ठिकाणी ३१ मार्चपर्यंत होते, बरोबर ना?”

मला माहीत नव्हतं, दादा. म्हणजे तू बटणं लावत होतास तेव्हा तुझ्याकडे काम नव्हतं. तू ते लेखी दिलंस, आणि त्यांनी तुझा कागद नवा केला नाही. त्यानंतर तुझं पत्र आलं माझ्याकडे आणि त्यात तू एका ओळीनेही बोलला नाहीस. पुन्हा गप्पच राहिलास.

मी म्हटलं, “हो, बरोबर.”

“का सोडलं?”

“सोडलं नाही. एक चूक केली होती, ती स्वतःच जाऊन सांगितली.”

मग तिने यादीतला पुढचा प्रश्न वाचला. “माणूस विश्वासू आहे असं तुम्ही म्हणाल का?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “कागदावर खोटं लिहीत नाहीत. सख्ख्या मावसबहिणीसाठीही नाही.”

मी रागाने म्हणाले होते. ती म्हणाली, “वा, हे चांगलं आहे,” आणि तिने ते लिहून घेतलं. टाइप केल्याचा आवाज आला मला. मग मीही ते परत घेतलं नाही.

ते तुला सोमवारी फोन करतील. उचल.

आई दर दिवसाआड विचारते, दादा घर बघायला कधी येणार. आज मी म्हटलं, विचारून सांगते. तेव्हा विचारते आहे. कधी येतोस?

तुझी,
बारकी